गिओन मात्सुरीतली खादाडी, आणि मी जवळजवळ खाल्लेलं तोरण

गवतीचहा | १७ जुलै, रात्री १०:४०

काल क्योटोत गिओन मात्सुरीच्या (मात्सुरी म्हणजे जत्रा) योइयामाला जाऊन आले. पायांचे खांब झालेत आणि ओढणीचा सोया सॉसचा वास धुऊनही जात नाहीये. ओसाकात राहून चार वर्षं झाली, पण दर जुलैत काहीतरी आडवं यायचं. यंदा ऑफिसातून साडेचारलाच सटकले, हांक्यू लाइन पकडली आणि कारासुमाला उतरले.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इ.स. ८६९ मध्ये रोगाची साथ आली, तेव्हा देशाचे प्रांत जितके तितके, म्हणजे ६६ भाले उभारून देवाची करुणा भाकली, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. आता सगळा जुलै महिना चालतं. मोठी मिरवणूक १७ला (म्हणजे आज सकाळी. मी ऑफिसात होते, विचारू नका) आणि त्याआधीच्या तीन संध्याकाळी योइयामा. मिरवणुकीचे अगडबंब रथ गल्ल्यागल्ल्यांत उभे असतात, कंदिलांच्या माळा लावलेल्या, वर बसलेले लोक बासरी आणि घंटा वाजवताहेत. १५ आणि १६ला संध्याकाळी सहा ते अकरा शिजो आणि कारासुमा हे हमरस्ते गाड्यांना बंद. आणि मुरोमाची, शिनमाची या बोळांत ठेलेच ठेले. रथ सुंदरच आहेत, पण मी ठेल्यांसाठी गेले होते, खोटं कशाला बोलू.

सुरुवात कणसाने केली, कारण वासानेच ओढून नेलं. आपल्याकडे लिंबू-तिखट-मीठ, इथे सोया सॉस. पण नुसता वरून लावत नाहीत. कणीस अर्धं भाजलं की ब्रशने सॉस, परत जाळीवर, परत सॉस. साखर जळून दाण्यांवर काळपट पापुद्रा धरतो. दाताला चिकटतो. मी दुसरं घेणार होते, पण पोटात जागा राखायची होती.

मग ताकोयाकी. (आप्पेपात्र हा शब्द मीच लिहून टाकते, म्हणजे खाली दहा जण लिहिणार नाहीत.) त्या ठेल्यासमोर मी पंधरा मिनिटं नुसती बघत उभी होते. पीठ ताकासारखं पातळ, आणि खळगे भरेपर्यंत नाही, अख्खं पात्र बुडेपर्यंत ओततात. वर ऑक्टोपसचे तुकडे, पातीचा कांदा, लाल आलं, तळलेल्या पिठाची चुरी. कडा धरल्या की दोन हातांत दोन लांब टोचे घेऊन तो माणूस पीठ चौकोनांत कापतो, खळग्याबाहेरचं आत कोंबतो आणि पाव वळसा देतो. पुन्हा कोंबतो, पुन्हा पाव वळसा. बघता बघता चेंडू. आणि हे करताना त्याचं लक्ष पात्राकडे नव्हतंच, बाजूच्या ठेलेवाल्याशी गप्पा चालल्या होत्या. ८ नग ६०० येन. वरून निवलेला वाटतो, आत लाव्हा. टाळूचं सालटं गेलं ते अजून जागेवर नाही.

हाशिमाकी म्हणून एक प्रकार खाल्ला. ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं धिरडं म्हणा, दोन चॉपस्टिकांवर गुंडाळून देतात. वर सॉस आणि मेयॉनीज. एका हातात खाता येतं एवढाच गुण. पुन्हा घेणार नाही.

आणि रामुने! गोटी सोडा! तीच बाटली, तीच गोटी. 'लेमोनेड'चं जपानी तोंडात रामुने झालं. झाकणाने गोटी आत ढकलायची. मी प्यायला गेले तर गोटी येऊन तोंड बंद. शेजारच्या सहा-सात वर्षांच्या पोराने बाटली माझ्या हातात फिरवून दाखवली. मानेला दोन खड्डे असतात, ते खालच्या बाजूला धरले की गोटी तिथे अडकते. लहानपणी गावच्या जत्रेत इतके सोडे प्यायले, मला हे माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. एका रथाखाली युकाता (म्हणजे उन्हाळी सुती किमोनो) घातलेल्या मुली एका सुरात गाणं म्हणत चिमाकी विकत होत्या. चिमाकी म्हणजे पानात गुंडाळून उकडलेला गोड पिठाचा किंवा भाताचा प्रकार, हे मला पक्कं ठाऊक. मे महिन्यात मुलांच्या सणाला मिठाईच्या दुकानातून आणून खाल्लाय. हे तसंच दिसत होतं. बांबूची हिरवी पानं, निमुळता आकार, गवताच्या दोरीने करकचून बांधलेलं. हजार येन दिले, दहाएक चिमाक्यांची जुडी मिळाली. म्हटलं स्वस्त आहे.

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून एक सोडली. पान काढलं, आत पान. ते काढलं, आत गवताच्या काड्या. काड्याही उकलल्या. म्हटलं एवढं गुंडाळलंय म्हणजे खवा तरी असेल. एका काडीचा वास घेतला आणि, सांगायला लाज वाटते, चावून बघितली.

शेजारी एक आजी पंख्याने वारा घेत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. माझ्या हातातून पानं घेतली, काड्या जुळवल्या, जशी होती तशी गुंडाळली, दोरीचं टोक दातात धरून आवळली आणि म्हणाल्या, "ही दारावर लावायची. वर्षभर."

तोरण होतं ते.

---

भरडा | १७ जुलै, रात्री ११:१५

मेलो. "म्हटलं स्वस्त आहे" ला चहा नाकातून आला.

एक सांगा, चिमाकीत काहीच नसतं तर हजार येन कशाचे?

---

रत्नागिरीकर_बोट | १८ जुलै, सकाळी ७:०२

लेख झकास, पण मासे कुठेत? जपानात जाऊन कणीस आणि सोडा? ताई, तुम्ही कोकणातल्या नाही हे कळलं.

---

पोथीनिष्ठ | १८ जुलै, सकाळी ९:३०

भरडा, हजार येन वंशावळीचे.

प्रत्येक जुडीवर एक कागद असतो, त्यावर लिहिलेलं असतं की आम्ही सोमिन शोराइचे वंशज. कथा अशी: देव प्रवासात होता, रात्रीचा आसरा मागितला. श्रीमंत भाऊ कोतान याने हाकलून दिलं. गरीब भाऊ सोमिन याने घरात होतं ते, राळ्या-वरीसारख्या भरड धान्याचा भात, वाढला. देव म्हणाला, साथ येईल तेव्हा गवताचं कडं कमरेला बांध, तुझ्या वंशाला काही होणार नाही. ते गवत म्हणजे 'चि', आणि गुंडाळणं म्हणजे 'माकी'. शब्दाचा खेळ आहे. थोडक्यात ही सगळी जत्रा एका वाढलेल्या जेवणाची आठवण आहे, आणि गवतीचहा यांनी त्या आठवणीत जेवण शोधलं. फार चुकल्या नाहीत.

दुसरं, गिओन हे नाव आपल्याकडचं. श्रावस्तीला अनाथपिंडिकाने बुद्धासाठी घेतलेली बाग म्हणजे जेतवन. तो जेतवन विहार चिनी अक्षरांतून जपानला पोचला तो 'गिओन शोजा' होऊन. त्या विहाराचा रक्षक मानलेला गोझु तेन्नो, शब्दशः बैलाच्या डोक्याचा देवराजा, हा रोगराईचा देव. पुढे तो सुसानोओ या शिंतो (जपानचा जुना स्थानिक धर्म) देवाशी एकरूप झाला. १८६८ला मेइजी सरकारने बुद्ध आणि शिंतो यांची फारकत केली, तेव्हा गिओनच्या देवळाचं नाव यासाका झालं. उत्सवाचं नाव मात्र लोकांनी सोडलं नाही.

---

सावळाराम_सातारा | १८ जुलै, सकाळी १०:१०

मग हा आपला मरीआईचा गाडाच की! आमच्या आजोळी पटकी-देवीच्या वेळी गाडा सजवून, नारळ-लिंबं ठेवून वेशीबाहेर नेऊन सोडायचे, असं आजी सांगायची. एकदा सोडला की मागे वळून बघायचं नाही.

---

पोथीनिष्ठ | १८ जुलै, सकाळी १०:४५

सावळाराम, अगदी. आणि मजा ऐका. हे रथ मिरवणुकीत शहरातली इडापिडा स्वतःकडे ओढून घेतात अशी समजूत आहे. म्हणून परत आल्या आल्या, त्याच दिवशी, सोडायला सुरुवात करतात. बांधणी खिळ्यांशिवाय, सगळी दोरखंडांची. बांधायला काही दिवस लागतात. गोळा केलेली पीडा परत सुटू नये म्हणून उतरवायची घाई.

२०२० आणि २०२१ला साथीमुळेच मिरवणूक निघाली नाही. साथीसाठी सुरू झालेली जत्रा साथीमुळे बंद. आपल्याकडे त्याच काळात पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या ते आठवलं.

---

गवतीचहा | १८ जुलै, दुपारी १:०५

पोथीनिष्ठ, हे परवा सकाळी सांगितलं असतं तर माझे दात वाचले असते :)

रत्नागिरीकर, मासे टाळले नाहीत, रात्री लिहिताना झोप आली. गिओन मात्सुरीला 'हामो मात्सुरी' असंही म्हणतात, म्हणजे हामो माशाची जत्रा. लांबलचक, सापासारखा, तोंडात दातच दात. ठेल्यावर नव्हता, एका छोट्या खानावळीने दाराबाहेर टेबल मांडलं होतं तिथे खाल्ला. क्योटो समुद्रापासून लांब. बर्फ नव्हता त्या काळात उन्हाळ्यात एवढ्या लांब जिवंत पोचणारा मासा हाच, इतका चिवट. म्हणून क्योटोचा उन्हाळा म्हणजे हामो.

काटे मात्र असे बारीक आणि इतके की काढता येतच नाहीत. म्हणून काढत नाहीत, कापतात. खानावळीचा मालक दाराजवळच बसून करत होता. मासा पोटातून उघडून कातडीवर पसरलेला, हातात जड लांब सुरी. कातडीपर्यंत जायचं पण कातडी तोडायची नाही. एका 'सुन'मध्ये, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटरमध्ये, २४ काप घालता आले तर तो कारागीर. आवाज येतो जर्र, जर्र, जर्र, कोरड्या पानांवरून कोणी चालल्यासारखा. मग तुकडे उकळत्या पाण्यात टाकले की ते काप उलगडतात आणि पांढरं फूल होतं. बर्फावर घालून आंबट प्लमच्या चटणीबरोबर. चव? जवळजवळ नाहीच. तोंडात मऊ काहीतरी येतं आणि जातं. ताकोयाकीने भाजलेल्या टाळूला फार बरं वाटलं.

---

रत्नागिरीकर_बोट | १८ जुलै, दुपारी १:२०

अहो सापासारखा, दातच दात, काटेच काटे... हा तर आपल्या वामचा जातभाई! वाम खायचा म्हणजे शेपटाकडचा भाग काट्यांमुळे कोणी घेत नाही, तो आईच्या ताटात. २४ काप! आईला सांगतो आज.

तिरफळं घालून आमटी केली असती तर चव नाही म्हणायची हिंमत झाली नसती.

---

मठ्ठा_विदाऊट_मिरची | १८ जुलै, दुपारी ४:४०

पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडं चालतं. तिथे काय खाऊ शकतो? की डबा न्यावा?

---

सत्तेपेसत्ता | १८ जुलै, दुपारी ४:५५

इतक्या लांब जाऊन शाकाहारीच शोधायचं तर जुहूला जा ना, कणीस तिथेही मिळतं.

---

निमिष_कोबे | १८ जुलै, रात्री ९:१२

सत्तेपेसत्ता, ज्याचं त्याचं पोट. मी ११ वर्षं इथे शाकाहारी आहे आणि ठेल्यांवर उपाशी राहिलेलो नाही. फसलो मात्र भरपूर.

मठ्ठा, खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी. ते दिसत नाही. "ताकोयाकीतला ऑक्टोपस काढून द्या" म्हणालात तरी पिठातच दाशी असते. यात्रेतल्या याकिसोबात, म्हणजे तव्यावर परतलेल्या नूडल्समध्ये, डुकराचं मांस, आणि ते वेचून बाजूला काढलं तरी तव्यावर चरबी तीच. ओकोनोमियाकीवर जे तपकिरी पापुद्रे वाफेने हलतात ते मासेच. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू "कांदा किती छान परतलाय" म्हणत अर्धी प्लेट संपवून बसल्या होत्या. कोणी काही बोललं नाही.

बिनधास्त खा: कणीस. उकडलेला बटाटा आणि त्यावर लोण्याचा डोंगर, जागाबाता म्हणतात. सफरचंदावर लाल साखरेचं कवच, ते दिसायला सुंदर आणि खायला वैताग, दात जपा. चॉकलेटात बुडवलेलं केळं. म्हातारीचे केस, कार्टूनच्या पिशवीत भरून, पिशवीचेच पैसे जास्त. बेबी कास्तेला, म्हणजे छोटे गोल केक, अंडं चालतं तर उत्तम, गरम असताना घ्या. आणि काकिगोरी, म्हणजे आपला गोळा, पण काडीवर न दाबता कपात भुसभुशीत. सरबतं लाल, हिरवी, निळी. डोळे मिटून प्यायलात तर बहुतेक सगळी सारखीच लागतात, रंग आणि वास तेवढा वेगळा. वरून आटवलेलं गोड दूध घालायला सांगा.

डबा न्याच. तोही खाऊन होतो.

---

फोंडेकार | १८ जुलै, रात्री १०:३०

कास्तेला पोर्तुगिजांनी नेलेलं. ब्रेडला जपानी लोक 'पान' म्हणतात, तेही पोर्तुगीज 'पांव'वरून. म्हणजे आमचो पाव आणि त्यांचं पान एकाच भट्टीतले. याकिसोबा-पान म्हणून एक प्रकार असतो तिकडे, पावात नूडल्स भरून. पिठात पीठ. आम्हाला वडापावावरून कोणी हसू नये.

---

काळा_चष्मा | १९ जुलै, सकाळी ८:२०

ठेलेवाल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. यांना 'तेकिया' म्हणतात, जत्रेमागून जत्रा हिंडणारी जुनी जमात, जागावाटप त्यांच्या म्होरक्यांकडे. टोळीवाल्यांशी जुने लागेबांधे होते. २०११पर्यंत जपानच्या सगळ्या प्रांतांत टोळ्यांशी व्यवहार बंद करणारे नियम आले, तेव्हापासून जत्रांमध्ये ठेला लावताना तपासणी कडक आहे.

स्वच्छता म्हणाल तर मी घरून सॅनिटायझर नेलं आणि ते ठेलेवाल्यानेच मागून घेतलं.

---

गवतीचहा | १९ जुलै, दुपारी १२:५०

काळा_चष्मा, एक गोष्ट माझ्याही डोळ्यात भरली. प्रत्येक ठेल्याच्या पायाशी लाल अग्निशामक नळकांडं. कणीसवाल्याला विचारलं तर तो गप्प झाला, मग म्हणाला, "फुकुचियामा." घरी येऊन वाचलं. १५ ऑगस्ट २०१३, क्योटो प्रांतातलंच फुकुचियामा, नदीकाठी आतषबाजी बघायला जमलेली गर्दी, एका ठेल्यावर जनरेटरसाठीच्या पेट्रोलच्या डब्याचा स्फोट झाला. तिघं गेले, पन्नासहून जास्त भाजले. पुढच्या वर्षीपासून अशा ठिकाणी आगीवर काम करणाऱ्या ठेल्यांना ते नळकांडं सक्तीचं झालं. नंतर मी ज्या ज्या ठेल्यावर गेले तिथे आधी खाली बघितलं.

कचऱ्याचंही सांगायचं राहिलं. काही ठेल्यांवर धुऊन पुन्हा वापरायच्या ताटल्या होत्या, खाऊन झालं की ठरलेल्या तंबूत नेऊन द्यायच्या. २०१४पासून करताहेत. तंबूतला कॉलेजचा पोरगा ताटलीतला उरलेला सॉस खरवडून वेगळ्या डब्यात टाकत होता, इतक्या मन लावून की मला माझी ताटली चाटून द्यावीशी वाटली.

---

भरडा | १९ जुलै, दुपारी १:३०

काकडी कोणी खाल्ली का? व्हिडिओत बघितलं, काडीला लावलेली अख्खी गार काकडी, खारवलेली. उन्हात ती बघूनच जीव थंड झाला.

---

निमिष_कोबे | १९ जुलै, रात्री ८:००

भरडा, इथेच तर गंमत आहे. यासाका देवळाच्या चिन्हात जे फूल आहे ते आडव्या कापलेल्या काकडीसारखं दिसतं. म्हणून गिओनमधले जुने, देवाचं करणारे लोक जुलैत काकडी खात नाहीत. देवाच्या चिन्हाला दात कसा लावायचा? फुकुओकाला हाकाता गिओन यामाकासा असते, १ ते १५ जुलै, तिथे रथ खांद्यावर घेऊन धावणारे गडीही त्या दिवसांत काकडी वर्ज्य करतात. आणि योइयामाच्या ठेल्यांवर काकडी धो-धो विकली जाते. ठेलेवाला काही गिओनचा नसतो.

---

सावळाराम_सातारा | १९ जुलै, रात्री ८:२५

आषाढात काकडी वर्ज्य, म्हणजे चातुर्मासात आमच्याकडे वांगं. देव बदलले तरी भाजीवाल्याचं नुकसान ठरलेलं.

---

मठ्ठा_विदाऊट_मिरची | २० जुलै, सकाळी ९:४०

निमिष, खूप आभार, प्रिंट काढून ठेवलंय. गवतीचहा, त्या उघडलेल्या चिमाकीचं काय केलंत? अपशकुन वगैरे?

आणि १७ची मिरवणूक हुकली म्हणजे सगळं संपलं का? आम्हाला सुट्टी कदाचित २० नंतरच मिळेल.

---

गवतीचहा | २० जुलै, रात्री ११:०५

मठ्ठा, चिमाकी दारावर आहे. आजींनी बांधलेली वरच्या बाजूला लावली, नीट बघितलं तरच दोरीची गाठ वेगळी दिसते. पुढच्या जुलैत देवळात परत द्यायची आणि नवी आणायची. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईला (अस्सल क्योटोच्या) भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, दरवर्षी कोणी ना कोणी उघडतंच, पण चावलेली पहिलीच ऐकली.

मिरवणूक दुसरीही असते, २४ला, 'आतो मात्सुरी', म्हणजे मागची जत्रा. बरीच वर्षं दोन्ही एकत्र काढत होते, २०१४पासून पुन्हा वेगळी केली. जपानीत 'आतो नो मात्सुरी' म्हणजे आपलं वरातीमागून घोडं, आणि हा वाक्प्रचार याच मागच्या मिरवणुकीवरून आला असं काहींचं म्हणणं. तिचा योइयामा उद्यापासून २३पर्यंत. गर्दी निम्मी, रथ जवळून बघता येतात, बासरी ऐकू येते. फक्त ठेले नसतात. रस्तेही गाड्यांना बंद करत नाहीत.

म्हणून उद्या ऑफिसनंतर परत जातेय, आणि या वेळी डबा घेऊन. थालीपीठं लावून झाली, आत्ताच तव्यावरून उतरवलीत. काकडी घातलेली नाही.